मदत हवी आहे : आईला मॅमोग्राफीसाठी (स्तनांच्या एक्स-रे तपासणीसाठी) राजी कसं करू?

आई ७१ वर्षांची. बोलता बोलता सहज म्हणाली, एका बाजूचं स्तनाग्र आत ओढल्यासारखं झालंय, बरेच दिवस. वर "दुखत नाही ना, मग डॉक्टर कशाला?" हे पालुपद. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे तिला पटत नाही. घराण्यात कुणाला नव्हतं म्हणे! अहो, हा कॅन्सर होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच नसतो, आणि वाढतं वय हाच मोठा धोका.

लक्षण दिसत असताना थेट मॅमोग्राफी करावी की आधी सर्जनला दाखवावं? सोबत सोनोग्राफीही करायला सांगतात का? तिचा उजवा खांदा आखडलाय, हात वर जात नाही आणि फार वेळ उभंही राहवत नाही. मशीनपुढे खुर्चीत बसून जमतं का? मशीनमध्ये स्तन दाबताना कितपत दुखतं, तेही खरं सांगा.

मुख्य अडचण संकोचाची. बाई टेक्निशियन असेल तर निम्मं काम होईल. ज्यांनी आईला, सासूबाईंना नेलंय त्यांनी नेमकं काय बोलून तयार केलं, ते लिहा. "काळजी करू नका" छापाची उत्तरं नकोत. अपॉइंटमेंट मी याच आठवड्यात घेतेय.