"तुम्ही काय करता?" या प्रश्नाचं नीट उत्तर पहिल्यांदा कधी दिलंत? (अनुभव धागा)

खमंग
काल सोसायटीत हळदीकुंकू होतं. एक नवीन मुलगी, राहायला येऊन वर्षभर झालं असेल, वाण घेऊन निघताना दाराशी थांबली. हातात कापडी पिशवी, त्यातून क्रोशाचं काहीतरी डोकावत होतं. कुणीतरी विचारलं, "तू घरीच असतेस ना गं?" ती म्हणाली, "हो, घरीच. करते आपलं थोडंफार." आणि पिशवी पाठीमागे घेतली.

रात्री कितीतरी वेळ झोप नाही मला. हेच वाक्य मी आठ वर्षं बोलत होते.

मी ठाण्यात भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ करते, २०११ पासून. गिऱ्हाईक म्हणजे आमची बिल्डिंग आणि नणंदेची बिल्डिंग. २०१९ मध्ये ओळखीच्या एकांनी छोट्या उद्योजकांच्या बैठकीला नेलं. सकाळी साडेसात. प्रत्येकाने उभं राहून मिनिटभरात आपलं काम सांगायचं. माझी पाळी आली तशी म्हणाले, "नमस्कार, मी घरगुती पदार्थ करते, काही लागलं तर सांगा," आणि खाली बसले. तळहात घामाने ओले.

शेजारी केटरिंगवाले काका होते. त्यांनी हळूच विचारलं, पदार्थ म्हणजे नेमकं काय? म्हटलं, भाजणी. एका खेपेला किती? आठ किलो. भाजता कशी? मग मी सांगत सुटले. बाजरी, ज्वारी, तांदूळ, चणाडाळ, उडीद सगळं वेगवेगळं भाजते, धने-जिरे शेवटी, पूर्ण गार झाल्याशिवाय गिरणीत देत नाही, गिरणीवाल्याला गव्हानंतर लावू देत नाही. काका म्हणाले, "ताई, हे उभं राहून सांगायचं होतं. पुढच्या रविवारी माझ्याकडे ८० माणसांची थालीपीठं आहेत. मघापासून तुमच्या शेजारी बसून मी भाजणी कुठून आणायची याचाच विचार करतोय."

तुमचा असा दिवस लिहा. त्या मुलीला वाचून दाखवायचा आहे हा धागा.

घाईत_आहे
कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते. ताई, उपासाची भाजणी पण करता का? राजगिरा घालता?

बुशिंग
भोसरी एमआयडीसी. दोन लेथ, एक मिलिंग. कोविडनंतर काम जवळजवळ बंद. कार्डं छापली, वेबसाइट केली, एक फोन नाही.

शेजारच्या शेडमधल्या दादांचं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं लेथ) ऐन डिस्पॅचच्या आदल्या संध्याकाळी बंद पडलं. ते आमच्या दारात येऊन नुसते उभे राहिले. पितळी बुश होते, बोअर (आतलं भोक) २० मायक्रॉनच्या आत हवा. रात्रभर बसून ९० नग काढून दिले. प्रत्येक नग गेजवर लावून बाजूला, दोन बाद झाले ते वेगळ्या डब्यात ठेवून सांगितलं की हे दोन बाद आहेत. पैसे जॉबवर्कच्या नेहमीच्या दराने घेतले.

दादांनी आठवड्याने त्यांच्या कंपनीच्या परचेसवाल्याला घेऊन माझ्या शेडमध्ये आणलं. स्वतःहून. माझं गिऱ्हाईक हा पळवेल अशी भीती त्यांनी बाळगली नाही. आमच्या धंद्यात हे फार मोठं आहे, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आता आमच्या गल्लीतल्या अकरा शेडचा ग्रुप आहे. कुणाकडे कोणतं मशीन, बेड किती लांब, ग्राइंडिंग कुणाकडे, हीट ट्रीटमेंटला कुठे द्यायचं, सगळं त्यात. मला न जमणारं काम आलं तर 'होत नाही' म्हणून गिऱ्हाईक परत जात नाही, शेजारी जातं. तेच शेजाऱ्याकडून माझ्याकडे.

खमंग
@घाईत_आहे हो, वरई, साबुदाणा, राजगिरा, जिरं. साबुदाणा अगदी मंद आचेवर.
@बुशिंग बाद नगांचा डबा वेगळा ठेवलात, तिथेच दादांनी ठरवलं असणार.

काठपदर
मी शिवलेल्या नऊवारी करते, सातारा. माझी सगळी जाहिरात आमच्या गुरुजींनी केली, अगदी खरं सांगते. लग्न ठरलं की हॉलच्याही आधी लोक मुहूर्ताला गुरुजींकडे जातात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवरीला सप्तपदीला नऊवारीत चालता येईना, निऱ्या सुटत होत्या. मी आत नेऊन दहा मिनिटांत पायाशी टाके घालून दिले. गुरुजींनी ते पाहिलं, माझा नंबर पंचांगात लिहून ठेवला. त्या मोसमात २३ ऑर्डर आल्या, पैकी १७ जणी 'गुरुजींनी सांगितलं' म्हणाल्या. मीही मग हॉलवाले, फुलवाले, मेंदीवाली सगळ्यांची नावं विचारून वहीत लिहायला लागले, कारण नवरीकडचे मलाच विचारतात, मेंदीला कोण चांगलं? सांगायला नाव असलं पाहिजे ना जवळ.

गुरुजी गेल्या वर्षी गेले. त्यांच्या मुलाने ते पंचांग मला आणून दिलं. माझा नंबर आहे त्यात, त्यांच्या अक्षरात, पुढे 'साडी, वेळेवर देते'.

घाईत_आहे
काठपदर, रडवलंस गं.

मोकळं_बोलतो
सगळ्यांचं चांगलं झालं, आनंद आहे, पण माझं लिहू का? मी एसी दुरुस्ती करतो. उद्योजकांच्या एका गटाची वर्षाची फी भरली, कर्ज काढून म्हणा हवं तर. दर आठवड्याला पहाटे उठून जायचं. वर्षभरात तीन कामं आली, तिन्ही गॅस भरायची. बाकी नुसते फोटो आणि टाळ्या. बायको म्हणाली, त्या पैशात हेल्परला चार महिन्यांचा पगार झाला असता. फार लागलं ते. अजून लागतं.

चौथा_शनिवार
@मोकळं_बोलतो दादा, तुमचं दुखणं खरं आहे, त्याला 'चिकाटी ठेवा' असं उत्तर मी देणार नाही. मी असल्या गटांत पंधरा वर्षं आहे. बीएनआय तुम्हाला माहीत असेल, इव्हान मायस्नर यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू केलं. एका शाखेत एका धंद्याचा एकच माणूस, दर आठवड्याला भेट, एकमेकांना काम द्यायचं. आपल्याकडे मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब काढला. 'एकमेकां साहाय्य करू' हे वाक्य तिथे मी कितीदा ऐकलं असेल. पद्धत चांगलीच आहे. पण गट निवडताना खोलीत कोण बसलंय ते आधी बघा. एसीवाल्याला इंटिरियरवाला, इलेक्ट्रिशियन, सोसायटी सांभाळणारा मॅनेजर, दवाखाने बांधून देणारा असे लोक हवेत, कारण तुमचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे आधी येतं. विमा, गुंतवणूक आणि ट्रेनिंगवालेच भरलेले असतील तर वर्ष फुकट जाणारच, त्यात तुमची चूक नाही. पाहुणे म्हणून दोन-तीन वेळा जाऊन बसा, मग फीचं बोला. आणि कुठल्या भागात काम करता? मी ठाणे-मुलुंडकडे दोन इंटिरियरवाल्यांना ओळखतो, त्यांना तुमचं सांगतो.

मोकळं_बोलतो
कल्याण-डोंबिवली. पण मुलुंडपर्यंत येतो. मेसेज केलाय तुम्हाला.

तुंबा
मिरज. तंबोरे-सतारी, घरातली चौथी पिढी. खूप दिवस फक्त वाचत होतो इथे.

आमच्या वडिलांनी दुकानावर पाटीसुद्धा लावली नव्हती. म्हणायचे, गाणारा शोधत येईल. पूर्वी यायचेही. पण आता मुलं ऑनलाइन तंबोरा मागवतात नाहीतर फोनवरच्या ॲपवर गातात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पेपरात फोटो आले, सगळ्या गल्लीला आनंद झाला. तरी एकेका दुकानात नवीन माणूस कसा येणार हा प्रश्न होताच.

आमच्याकडे मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणी होतात. एका वर्षी मी ठरवलं, नुसतं ऐकायला जायचं नाही. कानस, सूत, जुन्या तारांची गुंडाळी खिशात घेऊन गेलो आणि कलाकार बसतात तिथे एका कोपऱ्यात बसलो. कुणाला काही म्हटलं नाही. धारवाडकडची एक मुलगी तंबोरा लावत होती, पंचम खुलत नव्हता. लावून लावून रडकुंडीला आलेली. मी विचारलं, बघू का? घोडीवर तार टेकते तिथे हाताला खळगा लागला. कानशीचे चार हलके हात, मग सुताचा धागा तारेखाली सरकवत सरकवत आणला, आणि एका जागी आवाज एकदम उघडला. त्या मुलीने डोळेच मिटले. तिच्या गुरूंनी लांबून मान वळवून पाहिलं.

पैसे घेतले नाहीत. गवसणीच्या, म्हणजे वाद्याच्या खोळीच्या, आतल्या बाजूला एक चिठ्ठी ठेवली, नाव, नंबर, आणि 'जवारी काढली' (घोडी घासून आवाज उघडण्याच्या या कामाला आम्ही तेच म्हणतो), तारीख. पुढच्या तीन महिन्यांत तिच्या गुरूंकडची नऊ वाद्यं दुरुस्तीला आली, त्यातून दोन नवीन तंबोऱ्यांचं काम. पंढरपूरकडचे भोपळे आणायला त्या वर्षी पहिल्यांदा उधारी करावी लागली नाही. आता पुण्याला सवाई गंधर्वलाही जातो. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक वाद्याच्या गवसणीत चिठ्ठी असते.

वडिलांना हे आधी आवडलं नव्हतं, आपण दारोदार जायचं का म्हणून. परवा मात्र एका चिठ्ठीवर त्यांनीच तारीख घातली.

काठपदर
दादा, मीही उद्यापासून साडीच्या पिशवीत चिठ्ठी ठेवणार.

घाईत_आहे
माझी भाची सांगलीला गाणं शिकते, तिचा तंबोरा चार वर्षं कपाटावर आहे. आणू का?

तुंबा
@घाईत_आहे आणा ताई. येताना आडवा नको, उभा धरून आणा, आणि तारा थोड्या उतरवून.

सोलां
म्हापसा. शुक्रवारच्या बाजारात बसते, सोलां (आमसुलं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस). बाजूला हरमलची मिरची विकणारी मावशी. मे महिन्यात लोक पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरायला येतात तेव्हा तिच्याकडे ही गर्दी. ती मिरची मापता मापता प्रत्येकाला सांगायची, सोलां हिच्याकडची घे, मीठ कमी आहे. मी तिला काही दिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. मग मीही माझ्या गिऱ्हाइकांना तिच्या मिरचीचं सांगायला लागले. आता ती आली नाही तर तिचा माल मी मांडते. एका हॉटेलवाल्याने तिला विचारून माझ्याकडून महिन्याला ३० लिटर आगळ लावलं.
बस आली, जाते.

एडिसनकर
न्यू जर्सी. आमच्या राज्यात घरच्या स्वयंपाकघरात भाजलेलं विकायला ऑक्टोबर २०२१ पर्यंत परवानगीच नव्हती. मी मंडळाच्या गणपतीला नानकटाई नुसती प्रसादाला न्यायचे. कायदा बदलला, परवाना काढला, पण दुकानात ठेवता येत नाही, गिऱ्हाइकाला थेटच द्यावं लागतं. म्हणजे ओळखी हाच एकमेव रस्ता. मंडळात नाव सांगायची मला लाज वाटायची, इतकी वर्षं प्रसाद म्हणून दिलं त्याचे आता पैसे कसे मागू? एका वयस्कर काकूंनी आरतीनंतर सगळ्यांसमोर सांगितलं, "हिची नानकटाई आता विकत मिळते, फुकट मागायची नाही." त्या दिवशी १४ डबे गेले. काकूंचे उपकार कसे फेडू कळत नाही.

खमंग
काकूंना माझा नमस्कार सांगा.
सगळ्यांना एक विचारते. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टवर मी दिवाळीला यादी पाठवते, निम्म्यांना मिळतच नाही. असं का?

बुशिंग
@खमंग ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट जातो. एका यादीत २५६ जण. माल देताना समोरच उभं राहून 'ठाणे भाजणी' नावाने नंबर सेव्ह करायला लावा. मी ट्रान्सपोर्टवाल्यांनाही लावतो.

घाईत_आहे
आता बसले निवांत. माझं सविस्तर काही नाही. मी वाकडला लहान मुलांची दुपटी आणि झबली शिवते, जुन्या सुती साड्यांची, आजीची साडी दिली तर तिचंच करून देते. चार वर्षं झाली. वरचं सगळं वाचलं आणि लक्षात आलं की इथे मी तीन वेळा लिहिलं आणि हे एकदाही सांगितलं नाही.

एका साडीत दोन दुपटी आणि दोन झबली होतात. साडी आधी तीन धुण्यांतून काढते. आठवडा लागतो.

एडिसनकर
आईची साडी आहे माझ्याकडे, इंदुरी. भाचीला बाळ होणार आहे एप्रिलमध्ये, ती पिंपळे सौदागरला असते. भावाबरोबर पाठवली तर चालेल का? काठ जरा विरलाय.

घाईत_आहे
पाठवा. काठ मी आतून मलमल लावून घेते.