व्हिसा दिल्लीचा, पोलीस आमच्या दारात. परदेशी लोकांची जबाबदारी नक्की कोणाची?

मांद्रेकार:
गोव्यात हरमलला आमच्या दोन खोल्या भाड्याने असतात. डिसेंबरात एक परदेशी माणूस आला, पासपोर्टची झेरॉक्स घेतली, सी फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुणा उतरल्याची सरकारला द्यायची माहिती, त्याच दिवशी ऑनलाईन भरला, सगळं रीतसर. पण व्हिसा एप्रिलात संपला आणि बाबा मे अर्धा झाला तरी हॅमॉकमध्येच. आता पोलीस विचारतात तुम्ही कळवलं का नाही. अरे एअरपोर्टवर शिक्का मारणारा मी होतो का? ग्रामसभेत विचारलं तर पंच म्हणतो विषय केंद्राचा, आमदार पण तेच म्हणतो. मग जबाबदार कोण?

सुशेगाद_61:
सगळे एकजात जबाबदार. परदेशी काय आणि भायले, म्हणजे बाहेरच्या राज्यांतले काय, गोव्याचं गेट उघडंच आहे. पत्रादेवीच्या नाक्यावर, महाराष्ट्राच्या हद्दीला, कडक चेकिंग लावा, अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

तिसवाडीचो_वकील:
सुशेगाद बाब, दोन वेगळ्या गोष्टी एका टोपलीत घालू नका. दुसऱ्या राज्यातला माणूस इथे येऊन राहतो तो घटनेच्या 19व्या कलमाने, त्याला पत्रादेवीला अडवता येत नाही, तिथे फार तर ट्रक आणि दारू तपासतील.

आता मूळ प्रश्न. कोणाला देशात घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं, व्हिसा, पासपोर्ट हे सगळं घटनेच्या सातव्या परिशिष्टात केंद्राच्या यादीत आहे, 17 आणि 19 नंबर बघा, त्यामुळे विधानसभा यावर कायदा करू शकत नाही. इथवर तुमचा आमदार बरोबर. पण पुढचं तो सांगत नाही. परदेशी माणसाला परत पाठवायचे अधिकार केंद्राने घटनेच्या 258 कलमाखाली 1958 मध्येच राज्यांना सोपवले होते, आणि गावात कोण राहतं, मुदत संपली का, हे बघणारे पोलीस राज्याचेच. म्हापशाला डिटेन्शन सेंटर आहे ते काय दिल्लीकर चालवतात? म्हणजे धोरण त्यांचं, धावपळ इथली, आणि काही चुकलं की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

कायदा पण बदललाय. 1 सप्टेंबर 2025 पासून नवा इमिग्रेशन कायदा लागू आहे, 1946चा फॉरेनर्स अॅक्ट गेला. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या बाबाला आधी एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी लोकांची नोंदणी बघणाऱ्या केंद्राच्या ऑफिसातून, एक्झिट परमिट घ्यायला सांगा, नाहीतर विमानतळावरच अडकेल.

म्हापशेंचो_बाजार:
आणि पकडला म्हणून दुसऱ्या दिवशी विमानात बसवतात असंही नाही हं. पासपोर्ट हरवलाय म्हणाला की त्याच्या दूतावासाकडून कागद येईपर्यंत थांबा, वर कोर्टात केस चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा. तोवर त्याचं जेवणखाण आपल्याच पैशाने. आमचे आजोबा सांगायचे, 61 आधी, पोर्तुगीज असताना, हद्दीपलीकडच्या आपल्याच बांद्याला जायचं तरी परमिट लागायचं.

सुशेगाद_61:
वकील साहेब, चालेल, भायल्यांचं सोडलं. पण ई-व्हिसा घरबसल्या मिळतो म्हणूनच हे वाढलं ना?

तिसवाडीचो_वकील:
2014 मध्ये ते सुरू झालं तेव्हा पहिल्या नऊ विमानतळांत आपलं गोव्याचं दाबोळी होतंच. पण खरी गोची वेगळी आहे, व्हिसा वर्षाचा असला म्हणून सलग वर्षभर राहता येत नाही, हे त्या लोकांना माहीत नसतं आणि घरमालकांनाही नसतं. मांद्रेकार, तुमचा सी फॉर्म वेळेत भरलाय, त्याची प्रिंट ठाण्यात न्या आणि त्या बाबाच्या व्हिसाची मुदत संपलीय हे आता तरी लेखी द्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका.

मांद्रेकार:
प्रिंट काढली, उद्या जातो. तुमचं वाचून वरच्या खोलीतल्या बाईकडे पण पासपोर्ट मागितला. म्हणाली, बीचवरून आल्यावर दाखवते.