बेथसैदा नेमके कोठे होते?

प्रश्न: बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात येशूचे शिष्य पेत्र, अंद्रिया आणि फिलिप्प यांचे गाव म्हणून आलेले बेथसैदा गालील सरोवराजवळच्या एत-तेल या टेकडीवर होते, असे मी वाचले होते, आता त्याच सरोवराकाठच्या एल-अराज या स्थळाचे नाव पुढे येते आहे. कोणता दावा अधिक सबळ मानावा?

उत्तर १: एत-तेलची बाजू अगदीच लंगडी नाही. १९८७ पासून पुरातत्त्वज्ञ रामी अराव यांच्या नेतृत्वाखाली तेथे उत्खनन झाले आणि मासेमारीची साधनेही सापडली. अडचण एकच, पण मोठी: ही टेकडी सरोवराच्या आजच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन किलोमीटर आत आहे, आणि कोळ्यांचे गाव पाण्यापासून इतके दूर का असावे, याचे उत्तर देताना सरोवराचा काठ पूर्वी टेकडीजवळ होता असे गृहीत धरावे लागते. तिथला भव्य नगरदरवाजा मात्र लोहयुगातला आहे; येशूच्या काळाशी त्याचा संबंध जोडू नये.

उत्तर २: माझा कल एल-अराजकडे आहे. ते थेट काठावर आहे, आणि संशोधक मोर्देखाय अवियाम व स्टीव्हन नॉटली यांना तेथे रोमन काळातील स्नानगृहाचे अवशेष मिळाले. असे स्नानगृह नगराची खूण असते; हेरोद राजाचा पुत्र फिलिप्प (शिष्य फिलिप्प नव्हे) याने बेथसैदाला नगराचा दर्जा देऊन ज्युलियास हे नाव दिले, या पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफसच्या कथनाशी ते जुळते. शिवाय तेथे बायझंटाइन चर्चही उजेडात आले; पेत्र व अंद्रिया यांच्या घराच्या जागी चर्च असल्याचे आठव्या शतकातील यात्रेकरू विलिबाल्डच्या प्रवासवृत्तात नमूद आहे.

उत्तर १: चर्चवरून पाचव्या-सहाव्या शतकातील श्रद्धा कळते, पहिल्या शतकातील पत्ता नव्हे. स्नानगृहाचा मुद्दा मात्र मला मान्य आहे.