मदत हवी आहे: घरघंटीच्या परीक्षणावरून वकिलांची नोटीस आली, फोटो आणि नाव दोन्हींवर आक्षेप

जोंधळा

नमस्कार. कॉपीराइट, ट्रेडमार्क यातलं ज्यांना कळतं त्यांनी कृपया वाचा. उत्तराला सात दिवसांची मुदत आहे, म्हणून सगळं एकदाच लिहिते.

माझी घरघंट्यांवर मराठी वेबसाइट आहे. मालदांडी ज्वारी, बाजरी, नाचणी, भाजणी असं प्रत्येक यंत्रावर मी स्वतः दळून बघते. कोणत्या जाळीवर पीठ किती बारीक येतं, भाकरी थापताना चिरते का, मोटर किती तापते, पीठ बाहेर किती उडतं, हे सगळं लिहिते. खाली एका ऑनलाइन बाजाराची अफिलिएट लिंक असते. कुणी त्यातून खरेदी केली तर मला कमिशन मिळतं, आणि हे प्रत्येक पानावर सुरुवातीलाच स्पष्ट मराठीत लिहिलेलं आहे.

आता एका घरघंटी कंपनीच्या वकिलांचा ईमेल आलाय. आमचे सगळे फोटो साइटवरून काढून टाका, आमचं नाव आणि लोगो साइटवर कुठेही नको, आमच्या नावाचं डोमेन आमच्या हवाली करा, यापुढे नाव वापरणार नाही असं लेखी द्या आणि नुकसानभरपाईही भरा. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ लिहून तीन वर्षांच्या तुरुंगवासाचा उल्लेख केलाय. घरात सगळ्यांची झोप उडाली आहे.

साइटवर त्या कंपनीच्या यंत्रांचे तीन तऱ्हेचे फोटो आहेत. काही मी स्वतः काढलेले, त्यात यंत्रावरचा लोगो दिसतो. काही बाजाराच्या पानावरून घेतलेले. काही कंपनीच्या माहितीपत्रकातले, ते साइट बनवताना भाच्याने टाकले होते. डोमेनचं असं आहे की मुख्य साइटचं नाव माझं स्वतःचं आहे, पण भाच्याने कंपनीचं नाव आणि पुढे 'घरघंटी' असं जोडून आणखी एक डॉट इन डोमेन घेतलं होतं. ते उघडलं की माझ्या परीक्षणाचं पान येतं.

कंपनीचं नावच घ्यायचं नाही तर परीक्षण लिहायचं कसं? त्या परीक्षणात मी आवाज फार येतो असंही लिहिलंय, खरा राग त्याचा असावा असं मला वाटतं.

कोरडा_शिधा

ताई, तळाला एक डिस्क्लेमर टाका: "सर्व चित्रे व नावे संबंधित मालकांची, आमचा त्यावर कोणताही हक्क नाही." सगळे तेच करतात.

तुळशीबाग

असं करू नका. "फोटो दुसऱ्याचा आहे हे मला माहीत आहे" असं स्वतःच लिहून देण्यासारखं आहे ते. मालकाचं नाव लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

मी पुण्यात ट्रेडमार्कच्या कामात आहे. इथलं लिहिणं म्हणजे वकिली सल्ला नव्हे, कागद घेऊन एखाद्या वकिलाला भेटाच. पण भेटीला जाण्याआधी तुम्हाला स्वतःला प्रकरण समजायला हवं, म्हणून लिहितो.

नोटिशीत वेगवेगळ्या गोष्टी एकाच दोरीत ओवल्या आहेत. त्या सुट्या करा. फोटो हा कॉपीराइटचा विषय आहे, १९५७ चा कायदा. नाव, लोगो आणि डोमेन हा ट्रेडमार्कचा, १९९९ चा कायदा. आवाजाबद्दलचं मत हा तिसराच विषय. आणि बाजाराशी तुमचा जो अफिलिएट करार आहे तो चौथा, नोटिशीत त्याचा शब्दही नाही, पण तुमचं उत्पन्न त्यावर आहे.

आधी फोटो. तुम्ही स्वतः काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट तुमचा. नोंदणी लागत नाही, फोटो काढला की हक्क आला. यंत्रावर लोगो आहे आणि फोटोत तो दिसतो, एवढ्याने काही बिघडत नाही. फक्त लोगोच कापून पानाच्या माथ्यावर लावला असेल तर तो काढा. माहितीपत्रकातले फोटो आजच काढा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी फेअर डीलिंगची, म्हणजे परवानगीशिवाय वाजवी वापराची सवलत आहे, हे खरं. पण समीक्षा यंत्राची चालली आहे, कंपनीच्या छायाचित्राची नाही. त्यात खाली कमिशनची लिंक. तिथे ही सवलत फार ताणून धरता येणार नाही.

कलम ६३ बद्दल: ते खरं आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. पण ते जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला लागतं. म्हणून घाबरू नका, पण उशीरही करू नका. नोटीस हातात पडल्यावर फोटो तसेच राहिले तर "माहीत नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही.

जोंधळा

खूप आधार वाटला. माहितीपत्रकातले फोटो आत्ताच काढते. बाजाराच्या पानावरच्या फोटोंचं काय? मी त्यांचीच यंत्रं विकायला मदत करते, मग परवानगी आपोआप असते असं मी धरून होते.

तुळशीबाग

आपोआप नसते, आणि इथेच बरेच अफिलिएटवाले अडकतात. फोटो विक्रेता किंवा कंपनी बाजारावर चढवते आणि बाजाराला वापरायची परवानगी देते. बाजार त्यातली थोडी परवानगी तुम्हाला देतो, तीही ठरावीक रीतीने. अ‍ॅमेझॉनचंच घ्या, कारण त्यांचे नियम उघड वाचता येतात. चित्र त्यांनी दिलेल्या साधनातूनच यायला हवं, उतरवून आपल्या सर्व्हरवर ठेवायचं नाही, ग्राहकांचे अभिप्राय आणि तारे कॉपी करायचे नाहीत, डोमेनमध्ये त्यांचं नाव घ्यायचं नाही. साइटस्ट्राइप या त्यांच्या लिंक बनवायच्या साधनातून चित्रांची लिंक देणं तर त्यांनी २०२३ च्या अखेरीस बंदच केलं. तुमचा बाजार कोणता ते इथे लिहू नका, पण त्यांचा करार शोधून चित्रांचं कलम वाचा. फोटो उतरवून ठेवले असतील तर कंपनीपुढे कराराचा आधार घेता येणार नाही, उलट करार मोडला म्हणून बाजार खातं बंद करू शकतो.

जोंधळा

उतरवूनच ठेवले होते. तेही काढते. मोटरची ताकद, वजन, जाळ्यांची संख्या असा तक्ता आहे, तो राहू द्यायचा का?

तुळशीबाग

एक अश्वशक्तीची मोटर ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो. कंपनीच्या जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी उचलली असतील तर ती तुमच्या शब्दांत लिहा. तक्ता ठेवा.

निरगुडी

नावाबद्दल मी लिहिते, कारण माझ्या ओळखीच्यांकडे असंच प्रकरण झालं होतं आणि त्यांनी घाबरून चांगले लेख पुसून टाकले. ताई, तुम्ही ते करू नका.

ज्या यंत्राचं परीक्षण करता त्याला त्याच्या नावाने हाक मारायची नाही, असं कायदा म्हणत नाही. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३० प्रामाणिक वापराला जागा देतं. प्रश्न असतो तो वाचणाऱ्याचा गोंधळ होतो का हा. "अमुक घरघंटी: मालदांडी दळून पाहिल्यावर" हे शीर्षक ठीक. तेच कंपनीच्या रंगांत, लोगोसकट, वर "अधिकृत" लिहून आलं तर वाचणारा कंपनीची साइट समजून लिंक दाबेल. तिथे चुकतं.

स्वयंपाकघरातलंच उदाहरण आहे. कुकरची रबरी रिंग बनवणाऱ्या एका व्यवसायाविरुद्ध हॉकिन्स कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली होती. पाकिटावर "हॉकिन्स कुकरसाठी योग्य" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर होता. २०१२ मध्ये खंडपीठाने हॉकिन्सच्या बाजूने निकाल दिला. 'साठी योग्य' हे शब्द बारीक आणि हॉकिन्स मोठं, वेगळ्या रंगात, हे त्यांना खटकलं. ही केस मला फार उपयोगी वाटते. नाव घेतलं का, एवढंच बघून भागत नाही, ते कसं मांडलं हेही बघतात. तुमच्या पानावर तुमच्या साइटचं नाव मोठं दिसू दे आणि कंपनीचं नाव साध्या अक्षरांत वाक्यात येऊ दे.

तुळशीबाग

निरगुडी यांनी नेमकं लिहिलंय. डोमेनबद्दल मात्र ताई, तुमची बाजू कच्ची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सत्यम इन्फोवे प्रकरणात सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं. डॉट इन डोमेनचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेचं वेगळं वादनिवारण धोरण आहे. त्यात लवादापुढे प्रकरण जातं आणि डोमेन तक्रारदाराला द्यायचा आदेश होऊ शकतो. दुसऱ्याच्या नावाने ग्राहक ओढून त्यावर कमिशन मिळवणं हा तिथे सरळ दुर्हेतू धरला जाण्याचा धोका आहे.

अगदी महत्त्वाचं: "इतके पैसे द्या, डोमेन देते" असं फोनवरसुद्धा बोलू नका. भाच्यालाही बजावा. नोंदणीच्या खर्चापेक्षा जास्त रकमेला ट्रेडमार्कच्या मालकाला डोमेन विकू पाहणं हाच दुर्हेतूचा पुरावा मानला जातो.

आज ते डोमेन तुमच्या पानाकडे वळवणं बंद करा. डोमेन सोडून देऊ नका, रिकामं ठेवा. ते देण्याच्या बदल्यात "फोटो आणि डोमेनबाबत आता काही मागणी नाही" असं त्यांच्याकडून लेखी घ्यायचा प्रयत्न करता येतो.

सदाफुली७

पेड जाहिराती चालवता का? सर्चमध्ये कंपनीच्या नावावर बोली लावून?

जोंधळा

नाही. भाच्याला आत्ता विचारून खात्री केली.

सदाफुली७

मग तो मुद्दा सुटला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये गूगल आणि डीआरएस ही कंपनी यांच्या प्रकरणात म्हटलंय की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून, म्हणजे जाहिरात दिसावी म्हणून निवडलेला शोधशब्द म्हणून वापरला एवढ्यानेच उल्लंघन होत नाही, गोंधळ झाला पाहिजे. पण बऱ्याच अफिलिएट करारांत ब्रँडच्या नावावर बोली लावायला बंदी असते. त्यामुळे कायदा चालवून घेईल, खातं मात्र बंद होईल.

तुमचं होस्टिंग कुठे आहे, म्हणजे साइट कुणाच्या सर्व्हरवर आहे, तेही पाहा. अमेरिकी कंपनी असेल तर हे लोक तुम्हाला वगळून थेट तिकडे डीएमसीए या १९९८ च्या अमेरिकी कॉपीराइट कायद्याखाली नोटीस देऊ शकतात. होस्टवाले फोटो नाहीतर अख्खं पान उतरवतात. उलट नोटीस देता येते, मग तक्रारदार कोर्टात गेला नाही तर दहा ते चौदा कामाच्या दिवसांत मजकूर परत येतो. पण उलट नोटिशीत शपथेवर विधान करावं लागतं आणि तिथल्या न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. स्वतःच्या फोटोंसाठीच ती वापरा, माहितीपत्रकातल्या फोटोंसाठी कधीही नाही. साइटचा पूर्ण बॅकअप आजच घ्या.

जोंधळा

बॅकअप घेतला. आवाजाबद्दल कुणी सांगेल का? त्यातला एक शब्दही मला बदलायचा नाही. लोक पै पै साठवून घरघंटी घेतात, आणि चाळीत रात्री दळायला बसलं की शेजारी दार वाजवतात. हे कुणीतरी सांगायला हवं ना?

निरगुडी

सांगायलाच हवं. पण पुरावा हाताशी ठेवून. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पॅराशूट खोबरेल तेलावरच्या एका यूट्यूब व्हिडिओचं प्रकरण गाजलं. एकल न्यायाधीशांनी व्हिडिओ काढून टाकण्याचा अंतरिम आदेश दिला, पुढे ते खंडपीठाकडे गेलं. त्या पहिल्या आदेशातला एक भाग आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवावा. ज्याचं म्हणणं पुष्कळ लोक ऐकतात, त्याने विधान करण्याआधी पडताळणी करायला हवी. म्हणजे "बेकार यंत्र" असं लिहू नका. "दोन किलो ज्वारी दळताना बंद खोलीत एवढा आवाज मोजला" असं लिहा. यंत्राचं बिल, दळणाची तारीख, मूळ व्हिडिओ, सगळं जपून ठेवा. स्वतः विकत घेतलेलं यंत्र असेल तर तेही पानावर सांगा.

तुळशीबाग

कमिशनची ओळ तुम्ही मराठीत दिली आहे हे उत्तम. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जाहिरातीतला खुलासा दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. मराठी परीक्षणाखाली कोपऱ्यात इंग्रजी ओळ टाकणाऱ्यांनी हे वाचावं. तुमच्या अफिलिएट कार्यक्रमाने ठरावीक इंग्रजी वाक्य मागितलं असेल तर दोन्ही द्या.

आता उत्तराचं. मौन धरू नका आणि फोनवर काही कबूल करू नका. आयपी इंडिया या सरकारी ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर ट्रेडमार्कचा शोध फुकट घेता येतो. ट्रेडमार्कच्या नोंदणीत वस्तूंचे वर्ग असतात, दळणाची यंत्रं वर्ग ७ मध्ये येतात. नोंदणी कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का ते बघा, त्याची प्रत वकिलांना द्या. फोटोंच्या मालकीचा आधारही मागा, छायाचित्रकाराने हक्क कंपनीला दिलेत का हा रास्त प्रश्न आहे. उत्तरात लिहायचं ते एवढंच: आमचे हक्क राखून, हे फोटो अमुक तारखेला साइटवरून काढून टाकले, डोमेन वापरात नाही, परीक्षण आमच्या स्वतःच्या चाचणीवर आधारित आहे आणि ते राहील. "यापुढे नाव वापरणार नाही" या ओळीवर सही करू नका. ती सही केलीत की त्यांच्या कुठल्याच यंत्राबद्दल तुम्हाला लिहिता येणार नाही, आणि तेव्हा कायदा नाही, तुमची स्वतःची सहीच आड येईल.

जोंधळा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सोलापुरात एका वकीलबाईंना भेटून आले. तुम्ही लिहिलेलं सगळं छापून नेलं होतं, त्यामुळे बोलणं भरभर झालं. फोटो आणि डोमेन यावर त्यांचंही हेच मत. भरपाईची रक्कम कशावरून काढली याचा हिशेब त्या मागणार आहेत. लेखी हमी त्या पुन्हा लिहून देतील, फोटो आणि डोमेन यांच्यापुरतीच. परीक्षण जसंच्या तसं राहतंय.

रिकाम्या जागी घालायला मी सगळ्या यंत्रांचे फोटो नव्याने काढतेय. जाळी, दळलेलं पीठ, पिठाचा डबा, सगळं जवळून. आणखी काही बघायचं राहिलं असेल तर सांगा.

सदाफुली७

एक राहिलं. पानावरून फोटो काढला तरी मूळ फाइल सर्व्हरच्या अपलोड फोल्डरमध्ये तशीच असते, तिच्या लहानमोठ्या आकाराच्या प्रतीही असतात आणि थेट पत्ता टाकला की उघडतात. तपासणारे तेच पत्ते टाकून बघतात. फाइली फोल्डरमधून पुसा, कॅशे (साइटच्या साठवलेल्या तात्पुरत्या प्रती) रिकामा करा, जुने पत्ते गूगल सर्च कन्सोलमधून काढायची विनंती टाका. आणि वकीलबाईंना विचारून मगच हे करा, पुरावा म्हणून त्यांना आधी प्रती हव्या असतील.

जोंधळा

प्रती पेनड्राइव्हवर घेऊन उद्या सकाळी त्यांना देते, त्यांनी हो म्हटलं की लगेच फोल्डर साफ करते.