ओपन-बुक पाडकाम परवाना परीक्षा (अमेरिका): पुस्तक समोर असूनही उत्तर वेळेत सापडत नाही

पाडकाम_परवाना:
राज्याच्या पाडकाम कंत्राटदार परवान्याची परीक्षा आठ आठवड्यांवर आली आहे. मुख्य पुस्तक ओशाचं (अमेरिकेची कामगार-सुरक्षा संस्था) २९ सीएफआर १९२६, म्हणजे बांधकामाच्या सुरक्षेची नियमावली. सराव करताना उत्तर पुस्तकात आहे हे माहीत असतं, पण शोधायला पाच-सहा मिनिटं जातात. दुसरी अडचण अशी की एकाच गोष्टीचे दोन आकडे दोन ठिकाणी मिळतात, मग कुठला धरायचा? गणितं कुठल्या प्रकारची येतात आणि पुस्तकाला टॅब कसे लावावेत, हेही सांगा.

टेकू_आणि_तुळई:
आधी परीक्षेची माहितीपुस्तिका नीट वाचा. कुठली पुस्तकं चालतील, कुठल्या वर्षाची आवृत्ती हवी आणि पुस्तकात काय खुणा केलेल्या चालतात हे तिथेच असतं. १९२६ अनेक प्रकाशक दरवर्षी नव्याने छापतात आणि पानांचे क्रमांक बदलतात. म्हणून पान क्रमांक पाठ करू नका, कलम क्रमांक पाठ करा. अनेक केंद्रांवर निघणारे चिकट कागद चालत नाहीत. ओढल्यावर पान फाटेल असे पक्के टॅबच चालतात. सुटा कागद तर कुठेच नेऊ नका.

टॅब थोडे लावा. शंभर टॅब लावलेलं पुस्तक आणि एकही टॅब नसलेलं पुस्तक, दोन्हींत शोधायला सारखाच वेळ लागतो. वरच्या कडेला फक्त प्रकरणं: सी (सर्वसाधारण), डी (आरोग्य), ई (संरक्षक साधनं), एच (माल हाताळणी), एल (परांची), एम (पडण्यापासून संरक्षण), पी (खोदकाम), टी (पाडकाम), यू (स्फोटकं), एक्स (जिने आणि शिड्या), सीसी (क्रेन), झेड (विषारी पदार्थ). उजव्या कडेला फक्त टी प्रकरणाची कलमं, कारण सगळ्यात जास्त तिथेच जावं लागतं:

८५० (म्हणजे १९२६.८५०, पुढचेही तसेच) पूर्वतयारी, ८५१ जिने-वाटा-शिड्या, ८५२ च्यूट (राडारोडा खाली सोडायची घसरण), ८५३ मजल्यातली भोकं, ८५४ भिंती आणि चिमण्या, ८५५ हाताने मजला काढणं, ८५६ यंत्राने भिंती-मजले काढणं, ८५७ राडारोडा साठवणं, ८५८ पोलादी सांगाडा, ८५९ यांत्रिक पाडकाम, ८६० स्फोटकांनी निवडक पाडकाम.

ही अकरा नावं क्रमाने तोंडपाठ हवीत. टी प्रकरण मोजक्या पानांचं आहे, ते पहिल्या आठवड्यात तीनदा सलग वाचा.

हायलायटर दोन रंगांचेच घ्या. एक आकड्यांना, दुसरा 'अपवाद', 'खेरीज', 'यांपैकी जे कमी असेल ते' अशा शब्दांना. चुकतात ते बहुधा दुसऱ्या रंगावर. उदाहरणार्थ ८५४ म्हणतं की एक मजल्याहून उंच भिंतीचा तुकडा बाजूच्या आधाराशिवाय उभा ठेवायचा नाही. पण ती भिंत मुळातच आधाराशिवाय उभी राहील अशी बांधलेली असेल आणि सुरक्षित स्थितीत असेल तर चालतं. पर्यायांत दोन्ही वाक्यं दिलेली असतात.

आणखी एक नेहमीचा सापळा. ८५० प्रमाणे काम सुरू करण्याआधी इमारतीचं अभियांत्रिकी सर्वेक्षण व्हायला हवं आणि ते झाल्याचा लेखी पुरावा नियोक्त्याकडे (कामगार नेमणाऱ्याकडे) हवा. हे सर्वेक्षण कोणी करायचं? नियमात 'कॉम्पिटंट पर्सन' आहे, 'परवानाधारक अभियंता' नाही. कॉम्पिटंट पर्सनची व्याख्या टी प्रकरणात नाही, ती १९२६.३२ मध्ये आहे: धोका ओळखता येणारा, आणि तो ताबडतोब दूर करण्याचा अधिकार असलेला. दोन्ही गोष्टी हव्यात.

नियमावली_वाचक:
दोन आकड्यांच्या प्रश्नाबद्दल. दोन्ही आकडे बरोबरच असतात, फक्त ते वेगळ्या परिस्थितीचे असतात. प्रश्नातले शब्दच प्रकरण सांगतात, म्हणून पर्याय बघायच्या आधी प्रश्नातलं काम कुठलं ते ठरवा.

च्यूटचंच घ्या. एच प्रकरणातलं १९२६.२५२ सांगतं की इमारतीच्या बाहेरच्या भिंतीपलीकडे २० फुटांहून जास्त उंचीवरून माल टाकायचा असेल तर बंदिस्त च्यूट लागतो. टी प्रकरणातलं ८५२ सांगतं की च्यूट आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त उभा असेल तर तो पूर्ण बंदिस्त हवा. माल भरायची तोंडं तेवढी ठेवायची, तीही ४८ इंचांपेक्षा उंच नकोत. पहिला प्रश्न 'च्यूट लागतो का' असा आहे, दुसरा 'च्यूट कसा असावा' असा.

तसंच टो-बोर्डचं (कडेला पायाशी लावायची उभी पट्टी). एम प्रकरणात टो-बोर्डची किमान उंची साडेतीन इंच आहे. पण ८५२ मध्ये ढकलगाडीने किंवा यंत्राने च्यूटमध्ये राडारोडा ओतत असतील तर तोंडाशी किमान ४ इंच जाड आणि ६ इंच उंच अडसर हवा. कारण सरळ आहे. पहिली पट्टी हातोडा-पक्कड खाली पडू नये म्हणून असते, दुसरीला भरलेल्या ढकलगाडीचं चाक थोपवायचं असतं. कारण कळलं की आकडा आपोआप लक्षात राहतो.

८५५ मध्ये तर फळ्यांचेच दोन आकडे एकाच कलमात आहेत. कमानीचा मजला फोडताना उभं राहायच्या फळ्या किमान २ बाय १० इंच, त्यांच्यातली मोकळी फट १६ इंचांपेक्षा जास्त नाही. कामाच्या जागी जायची वाट मात्र किमान १८ इंच रुंद. १६ आणि १८ यांची अदलाबदल करून पर्याय बनवणं अगदी सोपं आहे.

राडारोडा_मापक:
गणितं अवघड नसतात, पण प्रत्येकात एक पायरी लपवलेली असते.

भोकाभोवतीचा अडथळा: च्यूटशिवाय मजल्यातल्या भोकातून माल खाली टाकत असाल तर खालची जागा ४२ इंच उंच अडथळ्याने पूर्ण बंद हवी, आणि अडथळा वरच्या भोकाच्या कडेपासून किमान ६ फूट मागे. भोक ६ बाय ८ फूट आहे, तर किती लांब अडथळा लागेल? ६ फूट दोन्ही बाजूंनी मिळवायचे. १८ बाय २० चा आयत, परिमिती ७६ फूट. एकाच बाजूने मिळवलं तर १२ बाय १४, म्हणजे ५२ येतं, आणि ५२ हा पर्यायही दिलेला असतो.

भोकांचं एकूण क्षेत्र: ८५३ प्रमाणे राडारोड्यासाठी पाडलेली भोकं मजल्याच्या एकूण क्षेत्रफळाच्या २५ टक्क्यांहून जास्त नकोत. बाजूचे आधार जागेवर ठेवले तर मात्र सूट आहे. ६० बाय ८० फुटांचा मजला म्हणजे ४,८०० चौरस फूट, त्याचे २५ टक्के १,२००. प्रत्येकी २० बाय २० ची तीन भोकं बरोबर बसतात, चौथं बसत नाही.

प्रवेशद्वारावरचं छत: बहुमजली इमारतीत कामगारांच्या दारावर भिंतीपासून किमान ८ फूट बाहेर आलेलं छत लागतं, दारापेक्षा २ फूट जास्त रुंद (दोन्हीकडे एकेक फूट), आणि दर चौरस फुटाला १५० पौंड भार पेलणारं. दार ६ फुटी असेल तर छत ८ बाय ८, म्हणजे ६४ चौरस फूट, भार ९,६०० पौंड.

ट्रकच्या फेऱ्या: यात सर्वांत जास्त जण घसरतात. ५० बाय ३० फुटांची, ६ इंच जाड काँक्रीटची लादी आहे. घनफळ ७५० घनफूट, म्हणजे २७.७८ घनयार्ड (२७ ने भागायचं, ९ ने नाही). काँक्रीट दर घनफुटाला १५० पौंड धरलं तर वजन १,१२,५०० पौंड, म्हणजे ५६.२५ टन (अमेरिकी टन, २,००० पौंडांचा). फोडल्यावर फुगवटा ५० टक्के दिला असेल तर सुटा माल ४१.६७ घनयार्ड. ट्रक १४ घनयार्डाचा आणि १२ टनांचा आहे. घनफळाने ३ फेऱ्या पुरतात, वजनाने ५ लागतात. उत्तर ५. फुगवट्याने घनफळ वाढतं, वजन तेवढंच राहतं.

पाडकाम_परवाना:
फार उपयोग झाला, धन्यवाद. भिंती पाडायला क्रेनला टांगतात त्या लोखंडी गोळ्याच्या वजनाचं गणित अडलं आहे. सरावातला प्रश्न: क्रेन ४० टनांची. दिलेल्या बूमच्या (क्रेनच्या लांब हाताच्या) लांबीला आणि कोनाला क्षमता १२,००० पौंड. दोराची नाममात्र तुटण्याची ताकद २०,००० पौंड. माझं उत्तर ६,००० आलं, ते चूक दाखवतात.

राडारोडा_मापक:
बरोबर उत्तर ५,०००. ८५९ मध्ये दोन मर्यादा आहेत. गोळा क्रेनच्या क्षमतेच्या ५० टक्क्यांपेक्षा जड नको (६,०००), आणि दोराच्या नाममात्र तुटण्याच्या ताकदीच्या २५ टक्क्यांपेक्षाही जड नको (५,०००). यांतला कमी आकडा धरायचा. ४० टन हा आकडा फक्त गोंधळ घालायला दिला आहे. क्षमता नेहमी गोळा वापरताना बूमची जी लांबी आणि जो सर्वांत जास्तीचा कोन असेल त्याची घ्यायची. त्याच कलमात गोळा फिरत्या जोडाने (स्विव्हल) बांधायला सांगितलं आहे, नाहीतर गोळा गरगरतो आणि दोराचा पीळ उलगडतो.

टेकू_आणि_तुळई:
ॲस्बेस्टॉसकडे दुर्लक्ष करू नका, तिथे दोन वेगळ्या नियमावल्या आहेत. कामगाराच्या श्वासातली मर्यादा ओशाच्या १९२६.११०१ मध्ये: ८ तासांच्या सरासरीला दर घनसेंटिमीटरला ०.१ तंतू, ३० मिनिटांसाठी १.० तंतू. पाडकामाची आगाऊ सूचना मात्र ४० सीएफआरच्या (पर्यावरण संस्थेची नियमावली) भाग ६१ मध्ये: किमान १० कामकाजाचे दिवस आधी. त्या नियमाखाली येणारी इमारत पाडायची असेल तर ॲस्बेस्टॉस सापडलं नाही तरी सूचना द्यावी लागते. २६० फूट लांब पाइप, १६० चौरस फूट किंवा ३५ घनफूट हे आकडे ॲस्बेस्टॉस आधी काढण्याच्या अटी कधी लागू होतात ते सांगतात, पाडकामाची सूचना त्यांवर अवलंबून नाही. आणि त्या नियमात कामकाजाचा दिवस म्हणजे सोमवार ते शुक्रवार, मध्ये सुट्टी आली तरी ती धरून. तारखेच्या प्रश्नात लोक सुट्टी वगळतात आणि एक दिवस चुकतात.

नियमावली_वाचक:
वेळेबद्दल राहिलं. एकूण मिनिटांना प्रश्नांच्या संख्येने भागा. समजा ८० प्रश्न आणि ४ तास, तर प्रश्नाला ३ मिनिटं. पहिल्या फेरीत पुस्तक न उघडता येतील ते सोडवा. दुसऱ्या फेरीत ज्यांचं कलम माहीत आहे ते, आणि तेही कलमांच्या क्रमाने: आधी सगळे टी प्रकरणाचे, मग एम, मग पी. पानं मागे-पुढे उलटण्यात जाणारी बरीच मिनिटं यात वाचतात. गणितं तिसऱ्या फेरीत. कलमच आठवत नाही असे प्रश्न सर्वांत शेवटी, आणि सूचीत शोधताना प्रश्नातलं नाम शोधा, क्रियापद नाही. 'भिंत पाडणे' शोधू नका, 'भिंती' शोधा.

शेवटच्या दोन आठवड्यांत रोज २० प्रश्न घड्याळ लावून करा, आणि प्रत्येक उत्तरासमोर कलम क्रमांक लिहा. उत्तर बरोबर येऊनही कलम लिहिता आलं नाही, तर तो प्रश्न चुकला असं धरा आणि दुसऱ्या दिवशी परत करा.