मदत हवी आहे: रबर-पॉलिस्टायरीन ब्लेंड टोल्युइनमध्ये आधी फुगतं, मग वजन घटतं

नमस्कार मंडळी,
एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नैसर्गिक रबर आणि पॉलिस्टायरीनचे ब्लेंड (मिश्रणं) केलेत. रबर गंधकाने क्युअर केलंय, म्हणजे त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधल्यात. शीटमधून गोल चकत्या कापायच्या, टोल्युइनमध्ये बुडवायच्या, ठरावीक वेळाने काढून फिल्टर पेपरने टिपायच्या आणि पटकन वजन करायचं, अशी पद्धत. ७०/३० (रबर/पॉलिस्टायरीन) चा आलेख (शोषण विरुद्ध वेळेचं वर्गमूळ) छान वर जाऊन सपाट होतो. ५०/५० चा मात्र टोकाला पोचून खाली येतो! मग समतोलाचा आकडा कोणता धरू? वरचा धरला तर डिफ्यूजन गुणांक (द्रावक किती वेगाने आत शिरतो तो आकडा) एक येतो, खालचा धरला तर भलताच मोठा. सर म्हणतात, "टिपताना चुकत असेल." पण दर वेळी त्याच नमुन्यात?

प्रतिसाद १:
टिपण्याचा दोष नाही हा. गंधकाने रबराचं जाळं बांधलं, पॉलिस्टायरीनचं नाही, आणि टोल्युइन तर त्याचा उत्तम द्रावक. ७०/३० मध्ये पॉलिस्टायरीनचे थेंब रबरात अडकलेले असणार, लांब साखळ्यांना जाळ्यातून सहज बाहेर पडता येत नाही. ५०/५० ला दोन्ही प्रावस्था (रबराचा आणि पॉलिस्टायरीनचा भाग) सलग झाल्या असतील, तर पॉलिस्टायरीनला बाहेर यायला वाट मोकळी. म्हणजे द्रावक आत येतोय आणि माल बाहेर जातोय, वजनकाट्याला फक्त वजाबाकी दिसते. चकती शेवटी व्हॅक्यूममध्ये पूर्ण सुकवून वजन करा. फुगलेल्या वजनातून हे सुकं वजन वजा केलं की खरं शोषण मिळेल. सोबत नुसत्या क्युअर रबराची चकतीही ठेवा, कारण न बांधलं गेलेलं रबर आणि क्युअरसाठी घातलेलं स्टिअरिक आम्लही थोडं निघतं.

प्रतिसाद २:
डिफ्यूजन गुणांक हवाच असेल तर हेक्सेन वापरून पाहा. त्याचा विद्राव्यता मापक (आकडे जवळ असले की पदार्थ एकमेकांत सहज मिसळतात) १४.९, टोल्युइनचा १८.२. हेक्सेनमध्ये रबर फुगतं, पॉलिस्टायरीन विरघळत नाही. पण त्याने पॉलिस्टायरीनला बारीक तडे जाऊ शकतात, तेव्हा चकती भिंगाखाली बघत जा. आणि घातांक n (शोषण वेळेच्या कितव्या घाताने वाढतं तो आकडा, साध्या डिफ्यूजनला ०.५) काढताना शोषण निम्म्यावर जाईपर्यंतचेच बिंदू घ्या. ०.५ च्या वर आला तर दचकू नका, पॉलिस्टायरीन साधारण १०० अंशांखाली काचेसारखं कडक असतं, साखळ्या सैल व्हायला वेळ घेतात.

धागाकर्ता:
आभारी आहे! ५०/५० ची चकती सुकवायला टाकली आहे. बाटलीतल्या टोल्युइनचे चार थेंब काचपट्टीवर वाळवले तर पांढुरका पापुद्रा राहिला. तो पॉलिस्टायरीनच आहे की रबर, हे आयआरने (अवरक्त वर्णपटाने) कळेल ना?

प्रतिसाद १:
कळेल. ७०० सेंमी⁻¹ जवळ बेंझीन वलयाची ठसठशीत पट्टी दिसली की पॉलिस्टायरीन. आणि तो आलेख फेकू नका, ब्लेंडची रचना सांगणारा पुरावा आहे तो.