दहावीचे टक्के आणि पुढची कमाई: नातं नेमकं किती?

वर्गशिक्षिका_लातूर
निकालानंतरच्या पालकसभेत दरवर्षी हाच प्रश्न येतो: एवढ्या टक्क्यांवर पोराचं पुढे काय होणार? उदाहरण धरू. राज्य मंडळ, 74 टक्के, गणितात 58, बाकी पाचही विषय त्याहून वर. यावरून नोकरी आणि कमाईबद्दल काय सांगता येतं? नुसता धीर देणं नको, नेमकं हवं.

आकडेमोड
ताई, 74 बाजूला ठेवा आणि गणिताचे 58 उलगडून बघा. 74 टक्के हे उत्तम पाच विषयांचे, त्या बेरजेत गणित धरलेलंच नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे 20 शाळा सढळ हाताने देतात. ते पूर्ण मिळाले असं धरलं तर लेखी 80 पैकी फक्त 38 उरतात.

आता प्रश्नपत्रिका समोर घ्या. बीजगणित काय, भूमिती काय, प्रत्येकी 40 पैकी चौथा प्रश्न 8 गुणांचा आणि पाचवा 3 गुणांचा. स्वतःचं डोकं लावावं लागतं ते मुख्यतः इथे. हे दोन्ही प्रश्न कोरे सोडले तरी 29, 29 आणि 20 मिळून 78 होतात. म्हणजे 58 आणि 78 मधलं अंतर बहुतांशी सरावाचं आहे. 78 ते 95 हे अंतर मात्र वेगळ्या जातीचं. आपल्या मुलाचे 42 गेले. चौथ्या-पाचव्यात जास्तीत जास्त 22 जाऊ शकतात, म्हणजे किमान 20 गुण पहिल्या तीन सोप्या प्रश्नांत गेलेत. पाया कच्चा आहे. तसाच विज्ञान शाखेत गेला तर अकरावीतच अडकेल, आणि अभियांत्रिकीच्या सीईटीत 200 पैकी 100 गुण गणिताचेच असतात.

कमाईचं म्हणाल तर संबंध आहे. मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये अमेरिकी विद्यार्थ्यांबद्दल मांडलं, की हायस्कूलची ग्रेड सरासरी (4 पैकी) एका अंकाने जास्त असेल तर पुढची वार्षिक कमाई पुरुषांत सुमारे 12 आणि स्त्रियांत सुमारे 14 टक्के जास्त दिसते. पण ही हजारो मुलांची सरासरी झाली. त्यावरून एका मुलाचं भाकीत करू नका.

भरती_मार्गदर्शक
आपल्याकडे दहावीचे गुण म्हणजे दाराची किल्ली. कुठली दारं, तेवढं पालकांना सांगा. ग्रामीण डाक सेवक भरतीत परीक्षाच नसते, निवड दहावीच्या गुणांवर होते आणि टक्केवारी चार दशांश स्थळांपर्यंत काढतात. रेल्वेच्या शिकाऊ उमेदवार भरतीत बहुतेक ठिकाणी दहावी आणि आयटीआयच्या टक्क्यांची सरासरी धरतात. पुष्कळ आयटी कंपन्या कॅम्पसला दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे 60 टक्के मागतात. इथे 59.8 वाला मुलाखतीपर्यंतही पोचत नाही. आपला मुलगा दहावीपुरता ही अट पार करतो.

उलट नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या यादीत दहावीचा एक गुणही धरत नाहीत, आणि राज्यसेवेला पदवी लागते, दहावीचे टक्के नाहीत. दहावीला 90 आणि नीटला अपात्र, अशी मुलं असतातच. पाठांतरावर मिळालेले गुण वेळ लावलेल्या बहुपर्यायी परीक्षेत टिकत नाहीत.

तंत्रनिकेतन
या मुलासाठी डिप्लोमाचा विचार जरूर व्हावा. प्रवेश दहावीच्या गुणांवर, तीन वर्षं, आणि नंतर डिप्लोमाच्या टक्क्यांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, सीईटी न देता. पण पहिल्याच सेमिस्टरला बेसिक मॅथेमॅटिक्स असतं आणि पुष्कळांना केटी (विषय राहून पुन्हा द्यावा लागणं) तिथेच लागते. जून-जुलैत दहावीचीच त्रिकोणमिती, वर्गसमीकरणं आणि निर्देशक भूमिती पुन्हा हाताने सोडवून घ्या.

आकडेमोड
पैशाबद्दल एक राहिलं. पगार आणि शिल्लक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दरमहा 5,000 रुपये गुंतवले, वार्षिक 10 टक्के परतावा धरला, तर 20 वर्षांत सुमारे 38 लाख होतात आणि 30 वर्षांत सुमारे 1 कोटी 13 लाख. ही दहा वर्षं गुणपत्रिकेत कुठेच दिसत नाहीत.

वर्गशिक्षिका_लातूर
नेमकं हेच हवं होतं. 58 चा हिशेब सभेत फळ्यावर मांडते. उत्तरपत्रिका बघायची तर अर्ज कुठे?

आकडेमोड
मंडळाच्या संकेतस्थळावर, विषयवार शुल्क भरून. मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. पुनर्मूल्यांकन करायचं असेल तरी आधी छायाप्रत घ्यावीच लागते. गणिताची मागवा, बाकी विषयांवर पैसे घालू नका.